उजवीकडच्या स्टिअरिंगची पजेरो

वर्ना हॅस्केल चोवीस वर्षं चुकीच्या सीटवर बसून गाडी चालवत होती, तेव्हा सरकारातल्या कुणालाही तिची काळजी वाटली नाही. ती बरोबर सीटवर बसायला लागली, आणि मग मात्र सगळ्यांना तिच्या सुरक्षिततेचा पुळका आला. मला हे शांतपणे सांगता येणार नाही, तेव्हा तशी अपेक्षा ठेवू नका.

मी मर्ल. आमच्या टपाल कचेरीत खिडकीवर बसतो, तिकिटं विकतो, पार्सलं तोलतो. गाव अगदी उत्तरेला, कॅनडाची हद्द इथून चाळीस मैल. वर्नाची फेरी बहात्तर मैलांची, त्यातले पन्नास मैल कच्चा रस्ता. घरोघरच्या चारशे सहा टपालपेट्या. गावाबाहेरच्या फेरीला खातं गाडी देत नाही. ज्याची त्यानं आणायची, खातं भाडं देतं. आता पेट्या असतात रस्त्याच्या उजव्या कडेला आणि आमच्याकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणून वर्ना काय करायची, तर तिच्या जुन्या ब्युइकमध्ये उजवीकडे, खिडकीला टेकून बसायची. पुढची सीट बाकासारखी सलग होती. डावा पाय आडवा टाकून पेडलवर, डावा हात लांबवून स्टिअरिंगवर. उजव्या हातानं पेटी उघडायची, टपाल टाकायचं, पेटी लावायची, पुढे. दिवसाला चारशे सहा वेळा. बर्फातसुद्धा. ब्युइक गेली की तशीच सलग सीटवाली दुसरी ब्युइक. अशा तिच्या चार झाल्या.

सत्तावन्नाव्या वर्षी तिचा डावा खुबा बोलायला लागला. डॉक्टरनं एक्स-रे पाहून विचारलं, "बाई, तुम्ही घोडे पळवता का?"

"टपाल टाकते," वर्ना म्हणाली.

"मग बसायची पद्धत बदला. नाहीतर दोन वर्षांत काठी हातात येईल."

त्याच एप्रिलमध्ये, बर्फ वितळून रस्त्यांचा लगदा झाला होता तेव्हा, टॅनरी टेकडीच्या चढावर ब्युइक दारापर्यंत रुतली. पुढे सात घरं होती आणि शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या मिसेस ऑर्डवेची हृदयाच्या गोळ्यांची पिशवी टपालात होती. वर्ना दोन मैल चिखल तुडवत गेली, गोळ्या दिल्या आणि परत आली. कचेरीत येऊन तिनं बूट काढून उलटे केले, त्यातून पाणी पडलं. ती मला म्हणाली, "मर्ल, बस झालं. मला चारी चाकं ओढणारी गाडी पाहिजे आणि स्टिअरिंग उजवीकडे पाहिजे. जगात कुठेतरी असेलच की!"

जगात होतीच. जपानात सगळी वाहतूक डावीकडून, तेव्हा सगळ्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे. आणि आमच्या देशाचा कायदा असा की परदेशातली गाडी पंचवीस वर्षांची झाली की आणायला मुभा आहे. नवीन गाडीला लागणाऱ्या चाचण्या तिला लागत नाहीत. वर्नानं दोन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या खिडकीमागे बसून हे सगळं वाचून काढलं. डब्यातलं हॅमचं सँडविच एका हातात, दुसऱ्या हातात पेन्सिल. तिचं शिक्षण बारावीपर्यंतचं. पण सरकारी फॉर्म कसा वाचायचा हे पोस्टात चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

ओसाकाजवळच्या एका दलालाशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. त्याचं नाव मोरिशिता. लिलावात जाऊन दुसऱ्यासाठी बोली लावायची, हा त्याचा धंदा. त्याची इंग्रजी तोडकी, पण माणूस सोन्यासारखा. पहिली गाडी वर्नाला फोटोत फार आवडली, पांढरीशुभ्र. त्यानं उलट लिहिलं, 'घेऊ नका. बर्फाच्या मुलखातली गाडी. रस्त्यावर मीठ टाकतात. खालून गंज.' सोबत गाडीच्या पोटाखाली झोपून काढलेले सहा फोटो. दुसऱ्या गाडीलाही तेच, 'घेऊ नका. विकणारा गाडी किती चालली ते खोटं सांगतो असं मला वाटतं.' वर्ना वैतागली. लॉइडनं, तिच्या नवऱ्यानं, ते वाचून मान डोलावली. लॉइड लाकडाच्या गिरणीत करवतीवर काम करायचा, दिवसाला दहा-बारा वाक्यांच्या पलीकडे बोलायचा नाही. म्हणाला, "विकायचं सोडून नको म्हणतोय. ह्याच्याकडूनच घे."

तिसरी पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आली, ती १९९४ची पजेरो. दक्षिणेकडच्या, बर्फ न पडणाऱ्या मुलखातली. डिझेल, हिरवी, खाली चंदेरी पट्टा. लिलावाच्या कागदावर गाडीचं चित्र आणि त्यावर जिथे जिथे ओरखडा तिथे खूण. मागच्या दाराला पोचा, ड्रायव्हरच्या सीटला सिगारेटचं भोक. एवढंच. मोरिशितानं लिहिलं, 'ही घ्या. मी माझ्या आईसाठी घेतली असती.'

पैसे पाठवायला वर्ना बँकेत गेली, तर काउंटरवरची शर्ली घाबरली. "वर्ना, हा माणूस तुला भेटलाय का कधी? फोटोत पाहिलायस? अगं, माझ्या चुलतबहिणीनं असेच पैसे एका तेलाच्या जहाजावरच्या इंजिनिअरला पाठवले होते!"

"तो लग्न करणार होता तिच्याशी," वर्ना म्हणाली. "मला गाडी हवीय. टाक शिक्का."

जहाज सहा आठवड्यांनी बाल्टिमोरला लागलं. मी दोन दिवस रजा टाकून तिच्याबरोबर बसनं गेलो. कस्टमच्या दलालानं एका जाड पाकिटात सगळे कागद दिले: जपानातून नोंदणी रद्द झाल्याचा दाखला, त्याचं भाषांतर, प्रदूषणवाल्यांचा फॉर्म, वाहतूकवाल्यांचा फॉर्म, कस्टमची पावती. सगळ्यांवर शिक्के. एकही कागद कमी नव्हता. हे मी मुद्दाम सांगतोय. केंद्र सरकारच्या तीन खात्यांनी ती गाडी पाहिली, कागद पाहिले आणि सांगितलं, ने.

परत येताना मी डावीकडे बसलो होतो, समोर स्टिअरिंग नाही, आणि पहिले शंभर मैल माझा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. टोलनाका आला की पैसे मी द्यायचे, कॉफीच्या खिडकीशी कप मी घ्यायचे. एका ट्रकवाल्यानं शेजारून खाली पाहिलं, त्याला मी हातात सँडविच धरून गाडी चालवताना दिसलो. त्यानं भोंगा वाजवला. वर्ना इतकी हसली की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. चोवीस तासांत आम्ही घरी. आमच्या गावच्या कचेरीत दुसऱ्या दिवशी गाडीची नोंदणी झाली, फी घेतली, नंबर प्लेट दिल्या. तिथल्या बाईनं बाहेर येऊन गाडीत बसूनही पाहिलं. हेही मुद्दाम सांगतोय.

मग दोन वर्षं आणि एक महिना वर्नानं माणसासारखं बसून टपाल टाकलं. सरळ पाठ, दोन्ही पाय समोर, खिडकी उघडली की पेटी हाताशी. डॉक्टरनं सांगितलं, खुबा आहे तिथे थांबलाय. दोन हिवाळ्यांत एक दिवस टपाल चुकलं नाही. मिसेस ऑर्डवे गाडीचा आवाज ओळखायची, डिझेलची टकटक ऐकून चहाचं आधण ठेवायची.

पत्रं आली ती जूनमध्ये, एका मंगळवारी.

सकाळी टपालवाले आपापल्या फेरीचं टपाल उभ्या खणांत लावतात. वर्ना माझ्यापासून दहा फुटांवर लावत होती. तिचा हात थांबला. राज्याच्या वाहन खात्याचं, नाव दिसायला खिडकी असलेलं पाकीट, वर तिचंच नाव. तिनं ते बाजूला ठेवलं, लावणं पुढे चालू. मग तसंच दुसरं, तिसरं. तिच्या फेरीवर एकूण सहा. सहाही नावं तिच्या ओळखीची आणि सहाही जणांकडे जपानची गाडी.

तिनं स्वतःचं फोडलं. वाचून माझ्यापुढे धरलं. 'आपले वाहन आपल्या देशातील रस्त्यांसाठी बनवलेले नसून ते रस्त्याबाहेर, शेतात व रानात चालवण्याचे वाहन असल्याचे आढळून आले आहे. नोंदणी चुकून झाली होती. नोंदणी रद्द. नंबर प्लेट तीस दिवसांत परत कराव्यात, अन्यथा वाहन चालवण्याचा परवाना निलंबित होईल.' खाली सही छापील.

"चुकून," वर्ना म्हणाली. "दोनदा नूतनीकरण केलं. दोनदा चुकून?"

"वर्ना, आधी बस."

"बसू कशाला? टपाल न्यायचंय ना." आणि उरलेली पाच पाकिटं तिनं खणांत आपापल्या जागी लावली.

ती पाच पत्रं त्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं वाटली. आत काय आहे ते तिला माहीत होतं, पण सांगता येत नव्हतं. बंद पाकिटाबद्दल बोलणं टपालवालीला शोभत नाही आणि कायद्यातही बसत नाही. रोलंड पीज पेटीशीच उभा होता. हा मेपलचा पाक काढणारा, झाडांचा रस गोळा करायला त्यानं जपानचा इवलासा ट्रक आणला होता. त्यानं दात काढत विचारलं, "काय गं, सरकार मला बक्षीस देतंय की काय?" ती म्हणाली, "टपाल घे रोलंड," आणि गेली. तिनं मला नंतर सांगितलं, इतक्या वर्षांत कुणाच्या पेटीत काही टाकताना लाज वाटली असेल तर ती त्या दिवशी.

आधी ती तालुक्याच्या वाहन कचेरीत गेली. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरकडे बघत सांगितलं, "यंत्र ही गाडी घेतच नाहीये."

"दोन वर्षं घेत होतं."

"आता यादीतून काढलीय."

"कुणी काढली?"

"वरून."

"वर कोण राहतं?"

त्यानं राजधानीतला एक फोन नंबर लिहून दिला. तिनं तिथे अकरा वेळा फोन केला. अकरा वेळा 'थांबा' म्हणून लावलेली वाजंत्री ऐकली.

रोलंडनं पत्र चुलीत घातलं आणि ट्रक चालवत राहिला. तिला म्हणाला, "अगं, कोण बघतंय? आपला हवालदार माझ्याकडूनच पाक नेतो. प्लेट ठेव आणि गप बस. फार शहाणी होऊ नकोस."

"माझा परवाना गेला तर फेरी गेली रोलंड. तुझ्या झाडांना तुझा परवाना लागत नाही."

तिनं एकोणतिसाव्या दिवशी प्लेट काढल्या, पुठ्ठ्यात बांधल्या आणि माझ्या खिडकीवर आणून ठेवल्या. रजिस्टर्ड पोस्टानं, पोच पावतीसकट. मी तिकिटं लावली. ते पार्सल माझ्या हातानं गेलं याचा मला अजून राग आहे.

लॉइडनं कोठारामागून शेवटची ब्युइक बाहेर काढली, बॅटरी बदलली, सीटखालची उंदराची घरटी काढली. पजेरो तिच्या जागी गेली. आणि वर्ना पुन्हा उजवीकडे बसून, डावा पाय आडवा टाकून, बहात्तर मैल.

सप्टेंबरमध्ये तिला राजधानीत भेटीची वेळ मिळाली. मी बरोबर होतो. अधिकाऱ्याचं नाव विल्मॉट, पन्नाशीचा, टाय नीट, आवाज मऊ. त्यानं आम्हाला पाणी दिलं. मला वाटतं तो वाईट माणूस नव्हता, पण त्या दिवशी मला तसं वाटत नव्हतं.

"प्रश्न सुरक्षिततेचा आहे, मिसेस हॅस्केल," तो म्हणाला. "तुमची गाडी आपल्याकडच्या धडकेच्या चाचणीत उतरलेली नाही."

"१९५२ची ट्रॅक्टरसारखी कार रस्त्यावर चालते, ती उतरलीय?"

"ती हौशी लोकांची जुनी गाडी. आणि इथे विकण्यासाठी बनलेली."

"मोटरसायकल?"

"तो वेगळा वर्ग आहे."

"या जपानच्या गाड्यांचे आपल्या राज्यात किती अपघात झाले?"

विल्मॉटनं कागद चाळले. "तशी वेगळी नोंद आम्ही ठेवत नाही."

"मग धोका कशावरून कळला?"

"इतर राज्यांनीही असाच विचार..."

"साहेब," वर्ना उठली. "पाच मिनिटं माझ्याबरोबर खाली येता? तुमच्या गाड्या लावायच्या जागेपर्यंत."

तो का आला कुणास ठाऊक. कदाचित त्यानंतर ती निघून जाईल म्हणून आला. खाली ब्युइक उभी होती. वर्नानं उजवं दार उघडलं. "बसा."

"मी?"

"बसा की. शंभर टक्के कायदेशीर गाडी आहे. तुमच्या यंत्रात नाव आहे तिचं."

तो बसला. तिनं त्याचा डावा पाय पलीकडे टाकायला लावला, डावा हात स्टिअरिंगवर ठेवायला लावला. तो बुटका होता, त्याचा पाय ब्रेकला जेमतेम टेकत होता. ती स्वतः डावीकडे शेजारी बसली आणि किल्ली फिरवली. "चला. त्या खांबापाशी पेटी आहे असं समजा. थांबा, हात बाहेर काढा, टपाल टाका. रस्ता बघायचा, आरसा बघायचा, पेटी बघायची."

गाडी चार फूट गेली, आचका देऊन थांबली. पुन्हा चार फूट. त्याचा टाय दाराच्या मुठीत अडकला. खिडक्यांतून त्याच्या कचेरीतली माणसं बघत होती. खांबापाशी पोचेपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"एक झाली," वर्ना म्हणाली. "चारशे पाच राहिल्या. हे तुम्हाला सुरक्षित वाटतं का हो? एकसष्ट वर्षांची बाई, बर्फात, अशी? हे चालतं तुम्हाला. ज्या गाडीत मी नीट बसते ती नाही चालत. का नाही चालत ते तरी सांगा!"

विल्मॉट गाडीतून उतरला, टाय सरळ केला. "मी तुमचं म्हणणं वर पोचवीन," म्हणाला.

"तुम्हीच वर आहात ना?" वर्ना ओरडली. "मला तालुक्यात सांगितलं, वर म्हणजे तुम्ही!"

तो आत गेला. परत येताना तिनं शंभर मैल गाडी दामटली. मग एका पेट्रोल पंपावर गाडी थांबवून तिनं डॅशबोर्डवर दोन्ही मुठी मारल्या, एकदा, दोनदा, आणि मला म्हणाली, "मर्ल, तू काही बोललास तर तुलाही मारीन." मी पेट्रोल भरायला उतरलो.

त्या हिवाळ्यात तिचा खुबा पार गेला. जानेवारीत ती पेट्यांच्या मध्ये थांबून ओठ चावायची, हे मला लोकांकडून कळलं. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली, लोखंडाचा सांधा बसवला, चार महिने फेरी बदलीवाल्याकडे, त्यानंतर पुन्हा ब्युइक. तो बदलीवाला चिखल लागला की टॅनरी टेकडी चढायचाच नाही. मिसेस ऑर्डवेच्या गोळ्या दोनदा कचेरीत पडून राहिल्या. दुसऱ्यांदा मी स्वतः संध्याकाळी नेऊन दिल्या. म्हातारी दारात म्हणाली, "ती टकटक ऐकू येत नाही रे हल्ली."

राज्यभर असे साडेतीनशे लोक निघाले. त्यांनी आरडाओरडा केला, एका आमदारानं विधेयक मांडलं आणि मार्चमध्ये विधिमंडळाच्या समितीपुढे सुनावणी लागली. वर्ना कुबड्या घेऊन गेली. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग टेबलावरचा दिवा लाल होतो. तिनं लिहून नेलेलं वाचलंच नाही. गाडीत कशी बसते ते खुर्चीत बसून दाखवायला गेली आणि शस्त्रक्रिया झालेला पाय आडवा टाकताच तिच्या तोंडून किंकाळी निघाली. दिवा लाल झाला. अध्यक्ष म्हणाले, "बाई, वेळ संपली, पण तुम्ही बोला."

"बोलायचं ते झालं," वर्ना म्हणाली आणि कुबड्या उचलल्या.

विधेयक मंजूर झालं. आम्ही कचेरीत केक कापला. आणि मग वर्नानं कायदा मुळातून वाचला, कारण ती सगळं मुळातून वाचते. केक तोंडात असतानाच ती थांबली.

सूट कुणाला, तर 'ज्यांची नोंदणी पूर्वी झालेली होती आणि ज्यांच्या नंबर प्लेट आजमितीस मालकाच्या ताब्यात आहेत' अशा वाहनांना. प्लेट ज्यांनी परत केल्या, त्यांची गाडी नव्यानं आलेली धरली जाईल. नव्यानं आलेल्या गाडीला नोंदणी नाही.

म्हणजे ज्यानं पत्र चुलीत घातलं, तो सुटला. जिनं रजिस्टर्ड पोस्टानं प्लेट पाठवल्या, ती अडकली.

रोलंडला हे कळलं तेव्हा तो टोपी हातात घेऊन तिच्या दारात आला. "वर्ना, माझ्या प्लेट तुझ्या गाडीला लाव. मला रानात काय लागतात?"

"वेडा आहेस का?" ती म्हणाली. "जा घरी." पण दार लावून घेतल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहून इतक्या शिव्या घालत होती की लॉइड बाहेर लाकडं फोडायला गेला. लाकडं आधीच फोडलेली होती. त्यानं तीच आणखी बारीक केली.

ज्या आमदारानं विधेयक मांडलं त्याला वर्नानं दर सोमवारी एक पत्र लिहिलं. हातानं, एक पान. मीच शिक्के मारत होतो. सातव्या सोमवारनंतर वाहन खात्याकडून एक फॉर्म आला. प्लेट परत केलेल्यांसाठी खास सवलत; फक्त खाली सही करावी. छापील मजकूर होता: 'मी माझ्या वाहनाच्या नंबर प्लेट स्वेच्छेने परत केल्या होत्या.'

तिनं 'स्वेच्छेने' या शब्दावर काट मारली, वर लिहिलं 'धमकीमुळे', सही केली, पाठवला.

परत आला. 'फॉर्ममध्ये खाडाखोड चालत नाही.' सोबत कोरा फॉर्म.

तिनं पुन्हा काट मारली.

"अगं, कर ना सही," पोस्टमास्तर म्हणाला. "एका शब्दानं काय बिघडतं? गाडी मिळतीय."

"तुम्ही दिल्या असत्या का स्वेच्छेनं?"

"तो मुद्दा नाही."

"मग कुठला आहे? माझा खुबा गेला, एक हिवाळा गेला, आणि वर मीच लिहून द्यायचं की मला तसं हवं होतं?"

मला खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही वाटलं, कर बाई सही. मी तिला तसं बोललोही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन दिवस तिच्या नजरेला नजर दिली नाही.

चार वेळा फॉर्म गेला, चार वेळा परत आला. पाचव्या वेळी तिनं काट मारून सोबत पहिल्या रजिस्टर्ड पोस्टाची पोच पावती जोडली, वाहन खात्याचं मूळ पत्र जोडलं, त्यातल्या 'अन्यथा' या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि एक प्रत आमदाराला, एक प्रत आमच्या साप्ताहिकाला. साप्ताहिकानं ती पहिल्या पानावर छापली.

पुढच्या बुधवारी जाड पाकीट आलं. आत दोन नंबर प्लेट. पत्र नाही, दिलगिरी नाही, एक ओळ नाही. मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा.

तेव्हा सुनावणीच्या पुढच्या वर्षीचा एप्रिल होता. एकवीस महिने झाले होते. लॉइडनं पजेरोची तेलं बदलली, टायरमध्ये हवा भरली. आम्हाला वाटलं, पहिल्या दिवशी ती आनंदात असेल. मी खिडकीवरून उठून मागच्या दारात उभा राहिलो, पोस्टमास्तरही आला. वर्नानं ट्रे मागे चढवले, नीट उजवीकडे बसली, पट्टा लावला. आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून तशीच बसून राहिली. मी जवळ गेलो. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण चेहरा रडण्याचा नव्हता. जबडा आवळलेला.

"एकवीस महिने, मर्ल," ती म्हणाली. "काहीही बदललं नाही. तीच गाडी, तेच कागद, तीच मी. मग कशासाठी?"

"जाऊ दे आता."

"का जाऊ देऊ?" तिनं दार ओढून घेतलं आणि निघाली. टॅनरी टेकडीवर चिखल होता. ती वेळेत परत आली.

त्यानंतर तिनं दीड वर्ष फेरी केली आणि निवृत्त झाली. तिच्या जागी आलेल्या बाईनं तिची पजेरो तिच्याकडूनच विकत घेतली, कायद्यातल्या मालक बदलण्याच्या कलमाची प्रत वर्नानं आधी स्वतः मिळवली होती. निरोपाच्या दिवशी पोस्टमास्तर भाषणात म्हणाला, "सगळं शेवटी चांगलंच झालं." वर्ना खालून म्हणाली, "नाही झालं." लोक हसले. ती हसली नाही.

आता ती चालते, पण डावीकडे किंचित झुकून. आठवड्यातून एकदा मी त्यांच्याकडे जेवायला जातो, शनिवारी, बीन्स आणि मक्याचा ब्रेड. सगळं नीट चाललेलं असतं. आणि कुणीतरी वाहन खात्याचं नाव काढतं, बहुधा मीच. मग तिचे कान लाल होतात, काटा ताटात खाली ठेवला जातो आणि ती पहिल्या पत्रापासून सुरुवात करते. लॉइड माझ्या ताटात आणखी बीन्स वाढतो, कारण आता मला लवकर उठता येणार नाही हे त्याला माहीत असतं.